मनोरुग्ण वॉर्डातील हिंसेचा धोका कसा ओळखावा? तातडीने मदत हवी आहे (मंचावरील चर्चा; प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे टोपणनाव आहे)

पाळीप्रमुख: आमच्या वॉर्डात पुन्हा एका परिचारिकेवर रुग्णाने हल्ला केला. कोणता रुग्ण धोकादायक आहे हे खात्रीने सांगणारा तक्ता मला तातडीने सुरू करायचा आहे. कृपया नेमके नाव सांगावे. चर्चेला वेळ नाही.

सातत्य: वॉर्ड तीव्र आजाराच्या रुग्णांचा आहे की दीर्घकाळ राहणाऱ्यांचा? अंदाज पुढच्या पाळीपुरता हवा आहे की रुग्णाला घरी सोडतानाचा? हल्ल्याच्या आधी काय घडले होते?

न्यायवैद्यक: एचसीआर-20 हे हिंसेच्या धोक्याचे मूल्यमापन करणारे साधन वापरावे. त्यातील 20 मुद्द्यांपैकी 10 पूर्वेतिहासाचे, 5 सध्याच्या मनःस्थितीचे आणि 5 पुढील व्यवस्थापनाचे आहेत. माझा अनेक वर्षांचा अनुभव सांगतो की पूर्वेतिहास न पाहता केलेला कोणताही अंदाज अपुराच राहतो.

रात्रपाळी: एचसीआर-20 नीट भरायला प्रशिक्षण आणि जुनी कागदपत्रे लागतात, मध्यरात्री भरती झालेल्या रुग्णाबाबत दोन्हींचा अभाव असतो. ब्रोसेट तपासयादी त्यासाठीच आहे. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, शारीरिक धमकी आणि वस्तूंवर हल्ला या सहा गोष्टी दिसल्या तर प्रत्येकी एक गुण द्यावा. शून्य म्हणजे धोका कमी, एक-दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा अधिक म्हणजे पुढच्या 24 तासांसाठी तत्काळ उपाय आवश्यक. जे वर्तन त्या रुग्णाचे नेहमीचेच आहे, त्यात वाढ झाली असेल तरच गुण द्यायचा असतो.

न्यायवैद्यक: जो रुग्ण शांत बसला आहे, पण ज्याला ‘मार’ असा हुकूम देणारे आवाज ऐकू येतात, त्याला तुमच्या यादीत शून्य गुण मिळतील.

रात्रपाळी: मान्य आहे, म्हणून आवाजांबद्दल स्वतंत्रपणे विचारावेच. परंतु केवळ इतिहासावर विसंबले, तर जुन्या नोंदीमुळे आज शांत असलेला रुग्णही कायमचा संशयित ठरतो.

स्वसंरक्षण: सर्व कर्मचाऱ्यांना पकडीतून हात सोडवण्याचे तंत्र शिकवावे.

सातत्य: ते आवश्यक आहे, पण येथे प्रश्न हल्ल्याआधीच्या अंदाजाचा आहे.

एक नातेवाईक: माझ्या भावाच्या कागदांवर ‘हिंसक’ एवढेच लिहिले होते. तो कधी, कशामुळे चिडला आणि कशाने शांत झाला, हे कोणीही लिहिले नव्हते; त्यामुळे प्रत्येक नवी परिचारिका त्याच्याशी आधीच घाबरून बोलत असे आणि तो अधिकच बिथरत असे.

पाळीप्रमुख: तीव्र आजाराचा, कुलूपबंद वॉर्ड आहे. रात्री दोनच परिचारिका असतात. त्या रुग्णाला घरी फोन करायचा होता, त्याला नकार मिळाला आणि लगेच औषध घेण्याचा आग्रह झाला.

सातत्य: ही माहिती सर्वांत मोलाची आहे. डासा या सात मुद्द्यांच्या साधनात ‘मागणी नाकारल्यावर राग येणे’ हा स्वतंत्र मुद्दाच आहे. मात्र खात्रीने सांगणारे साधन अस्तित्वात नाही. धोका पाळीगणिक बदलतो. स्वित्झर्लंडमध्ये 14 वॉर्डांत झालेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रोसेट यादीच्या नियमित गुणनोंदीनंतर गंभीर हल्ले घटले, परंतु तेथे वाढलेल्या गुणांबरोबर काय करावे याच्या सूचनाही होत्या.

पाळीप्रमुख: मग तीन गुण झाल्यावर रुग्णाला थेट बांधून ठेवावे, असा आमच्या डॉक्टरांचा आग्रह आहे. ते योग्य ठरेल का?

रात्रपाळी: नाही. गुण हे बांधण्याचे कारण होऊ शकत नाहीत. आधी ओळखीच्या परिचारिकेने बोलावे, गर्दी व आवाज कमी करावा, नकार देणे भागच असेल तर पर्याय आणि वेळ सांगावी, औषधाबाबत डॉक्टरांना बोलवावे. गुणांच्या शेजारी ‘कशामुळे’ आणि ‘काय केले’ असे दोन रकाने ठेवा आणि पाळी बदलताना ते मोठ्याने वाचून दाखवा.

पाळीप्रमुख: हे रकाने उद्याच्या सकाळच्या पाळीपासून सुरू करते. त्या रुग्णाच्या फोनची वेळही आजच ठरवून त्याला सांगते.