आवारातील निदर्शने आणि प्रवेशाच्या वेळी दिलेले हमीपत्र

वाळपईकर:
आमच्या अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेताना, आवारात कोणत्याही सभेत किंवा निदर्शनांत भाग घेणार नाही, अशा हमीपत्रावर विद्यार्थी आणि पालक या दोघांच्याही सह्या घेतल्या जातात. यंदा अभ्यासिका दुपारी चार वाजताच बंद करण्याचा निर्णय झाला असून, त्याविरुद्ध आम्हांला मधल्या सुट्टीत काळ्या फिती लावून मुख्य पायऱ्यांवर मूकपणे बसायचे आहे. हमीपत्र दिल्यामुळे आमचा हक्कच उरला नाही, असे प्राचार्यांचे म्हणणे आहे. ते कायद्याला धरून आहे का?

पर्वरीचा वकील:
ते म्हणणे टिकणारे नाही. मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांनी, झोपड्या पाडताना आम्ही अडथळा आणणार नाही, असे उच्च न्यायालयात कबूल केले होते. तरीही अशा कबुलीमुळे मूलभूत हक्कांसाठी दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात स्पष्ट केले. (झोपड्या मात्र पावसाळा संपल्यावर हटवू दिल्या, हेही सांगितले पाहिजे.)

तथापि, हक्क आहे म्हणून तो हव्या त्या जागी बजावता येतो, असे नाही. रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या 1969 च्या खटल्यात, दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत सभा घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मधून (ज्यात भाषणाचे आणि शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य आहे) मिळत नाही, असे ठरले. त्यामुळे पायऱ्यांऐवजी पटांगणात बसा, तासांच्या वेळेत नको, असे प्राचार्य सांगू शकतात. पण अभ्यासिकेबद्दल बोलूच नका, असे सांगणे ही निराळी गोष्ट आहे. लेखी अर्ज द्या, कार्यालयाचा आवक क्रमांक घ्या आणि नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागा. पुढे अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करण्याची वेळ आली, तर तोच कागद उपयोगी पडेल.

म्हापशाचे निवृत्त प्राध्यापक:
वकीलसाहेबांचा सल्ला योग्य असला, तरी याचिकेचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होते किंवा बुडते, हे त्यात आले नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2024 मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरते कमी केले. म्हणजे दिलासा मिळाला तोवर वर्षाहून अधिक काळ गेला होता. त्या प्रकरणात दिल्लीतील मोर्च्यात संस्थेचे नाव वापरल्याचा मुद्दा संस्थेने लावून धरला होता. तेव्हा आपल्या फलकावर महाविद्यालयाचे नाव किंवा बोधचिन्ह घालू नका.

1978-79 मध्ये बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी गोव्यातील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि सवलत मिळवली, ते बहुतांशी रस्त्यावर लढले गेले; प्राचार्यांची परवानगी हा तेव्हा प्रश्नच नव्हता. आजच्या मुलांची अडचण अशी आहे की अंतर्गत गुण देणारा आणि शिस्तभंगाची नोटीस काढणारा, दोघेही एकाच इमारतीत बसतात. म्हणून एकट्याने सही करू नका. वर्गप्रतिनिधींसह शक्य तितक्यांच्या सह्या घ्या आणि अर्जाची प्रत पालक-शिक्षक संघालाही द्या.

कुंकळ्ळीची वाचक:
दोन्ही उत्तरांत एक मुद्दा राहिला आहे. केरळमधील तीन शाळकरी मुले धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण त्या वेळी आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढले, तेव्हा 1986 च्या बिजो इमॅन्युएल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. आणि त्यामागील एक महत्त्वाचे कारण असे होते की अनुच्छेद 19 मधील हक्कावर मर्यादा घालायची असेल, तर ती कायद्यानेच घालावी लागते, शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने नव्हे. खात्याचे परिपत्रक जिथे अपुरे पडले, तिथे कार्यालयात टंकलिखित केलेल्या हमीपत्राचे वजन किती असणार?

अर्थात, मूक बसणे आणि दार अडवणे यांत फरक आहे. कोणाला आत जाण्यापासून रोखले, तर या निकालाचा आधार मिळणार नाही. वाळपईकर, आपण आधी एवढेच विचारा: हे हमीपत्र गोवा विद्यापीठाच्या कोणत्या अध्यादेशाखाली घेतले जाते? कार्यालयाने क्रमांक दिला, तर तो इथे कळवा. म्हणजे त्यातील नेमके शब्द पाहून पुढे बोलता येईल.