मधला ओटा: किचन आयलंड आखणाऱ्यांचे अनुभव

स्वयंपाकघराच्या मधोमध आयलंड करायचं ठरलं की बोलणं लगेच दगडाचा रंग, वरून टांगायचे दिवे आणि उंच स्टुलांवर जातं. मला वाटतं, सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. आधी ठरवायची ती आयलंडभोवती उरणारी मोकळी जागा, आयलंड त्यानंतर. ती जागा जमली तर साधा लाकडी ओटाही देखणा दिसतो. ती कमी पडली तर दगड कितीही सुंदर असो, रोज कुणाच्या तरी कमरेला कोपरा लागतो.

ज्यांच्या घरी आयलंड आहे, ज्यांनी ते बदलून घेतलं, ज्यांनी विचार करून नको म्हटलं, सगळ्यांनी लिहा. मापं जरूर द्या. त्यावर रोज कोण काय करतं तेही लिहा, कारण मापांना अर्थ तिथूनच येतो.

सुरुवात मी करते. आम्ही काम काढण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने आकार आखला आणि त्यावर रिकामी खोकी ओट्याच्या उंचीपर्यंत रचली. नुसत्या पट्टीवरून माणूस बेलाशक चालत जातो, खोकी असली की वळसा घालतो, म्हणून उंची हवीच. मग फ्रिजचं दार उघडलं, ओव्हनचं दार खाली पाडलं, खालचे ड्रॉवर पूर्ण ओढले आणि अशा वेळी दुसरं माणूस मागून जाऊ शकतं का ते पाहिलं. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या सूचना या बाबतीत चांगला आधार देतात. स्वयंपाक करणारं माणूस एकटंच असेल तर ओटा आणि आयलंड यांच्यात ४२ इंच (१०७ सेंमी), एकाहून जास्त माणसं एकदम काम करत असतील तर ४८ इंच (१२२ सेंमी), नुसती ये-जा असेल त्या वाटेला ३६ इंच (९१ सेंमी). हे अंतर कपाटापासून धरायचं नाही. ओट्याच्या पुढे आलेल्या कडेपासून, आणि फ्रिजसारखी वस्तू त्याहून पुढे येत असेल तर तिच्यापासून धरायचं. आमच्याकडे दोघंही स्वयंपाक करतो, म्हणून कामाच्या बाजूला ४८ ठेवले आणि त्यासाठी आयलंडची रुंदी कमी केली. ओटा थोडा अरुंद झाला, पण आम्ही एकमेकांना "सरक जरा" म्हणायचं थांबलो.

* * *

आमच्या घरात उंचीचा प्रश्न होता. मी ठेंगणी, नवरा चांगला उंच. एकाच उंचीचा ओटा म्हणजे एकाचे खांदे वर आणि दुसऱ्याची पाठ वाकलेली. आयलंडमुळे सुटका झाली, कारण ते भिंतीकडच्या ओट्याच्या उंचीचंच हवं असा काही नियम नाही.

आम्ही असं मोजलं: चपला घालून ताठ उभं राहायचं, कोपर काटकोनात ठेवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा त्याहून ४ ते ६ इंच खाली असला की हात सैल राहतात. पीठ मळताना अंगाचा भार द्यावा लागतो, तेव्हा आणखी खाली बरा वाटतो. सर्वसाधारण ओटा ३६ इंचांचा धरतात. आमचा भिंतीचा ओटा माझ्या मापाचा आणि आयलंड त्याच्या मापाचं आहे. दोन उंच्या शेजारी विचित्र दिसतील असं सगळे म्हणत होते. दोन्हींमध्ये वाट असल्यामुळे तो फरक डोळ्यांना जाणवतच नाही.

* * *

आम्ही राहायला आलो तेव्हा आयलंड आधीच होतं आणि शेगडी त्यावरच बसवलेली होती. दिसायला फारच छान. स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड घरातल्यांकडे, गप्पा मारत काम चालतं. पण वाफ आणि तेलाचे कण कुठे जातात हे वापरल्यावर समजलं.

भिंतीला लागून शेगडी असली की वाफेला एका बाजूने अडसर असतो, ती चिमणीकडे चढते. मधोमध चारही बाजू उघड्या. कुणी शेजारून गेलं, खिडकीतून वारा आला की वाफ चिमणीच्या बाहेर पसरते. म्हणून आयलंडवरची चिमणी शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंनी सुमारे ३-३ इंच रुंद आणि जास्त जोराची लागते, आणि धूर बाहेर नेणारा पाइप छतातून न्यावा लागतो. ओट्यातून खाली हवा ओढणारी यंत्रंही मिळतात. ती पसरट तव्यापाशी काम करतात, उंच पातेल्यापाशी कमी पडतात, कारण वाफेचा स्वभाव वर जाण्याचा.

शिवाय शेगडीमागे जागा हवी. वर आलेल्या अमेरिकन असोसिएशनच्या सूचनांत आयलंडवर शेगडीच्या पलीकडे निदान ९ इंच ओटा सांगितला आहे. आमच्याकडे त्याहून कमी होता आणि समोर स्टुलं होती, म्हणजे तापलेल्या तेलासमोर मुलं बसणार. आम्ही शेगडी भिंतीकडे हलवली आणि आयलंड सलग मोकळं ठेवलं. आता ते सगळ्यात जास्त वापरलं जातं. माझं ठाम मत झालं आहे की लहान मुलं असलेल्या घरात शेगडी आयलंडवर घेऊच नये.

* * *

धागाकर्ती: शेगडीबद्दल आलं, सिंकबद्दलही कुणी लिहा. मला खूप जणांनी विचारलं आहे.

* * *

सिंकचं मी सांगतो. मी प्लंबिंगचं काम करतो.

पाणी आणणं सोपं असतं, नेणं अवघड. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, घरगुती पाइपला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर. आयलंडपासून मुख्य पाइप ३ मीटर लांब असेल तर नुसत्या उताराला ६ सेंटिमीटर गेले, वर पाइपची स्वतःची जाडी. ही खोली जमिनीत आहे का, हे फरशी बसवण्याआधी बघायचं. नसेल तर एक तर जमीन उचलावी लागते, नाही तर सिंक भिंतीकडेच ठेवावं.

दुसरी गोष्ट हवेची. सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. पाणी जोरात गेलं आणि पाइपमध्ये हवा शिरायला वाट नसली तर ते साठलेलं पाणीही ओढलं जातं आणि वास सुरू होतो. भिंतीतल्या सिंकला हवेचा पाइप भिंतीतून वर नेता येतो. आयलंडला भिंतच नसते, त्यामुळे ती सोय वेगळी करावी लागते. प्लंबरला पहिल्याच भेटीत विचारा, "हवेचा पाइप कुठून नेणार?"

एवढं करूनही सिंक हवंच असेल तर भाज्या-फळं धुण्यापुरतं लहान घ्या. मोठं सिंक म्हणजे घरात शिरल्याबरोबर उष्टी भांडी समोर.

* * *

मी दगड कापायच्या आणि बसवायच्या कामात आहे. दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण लोक रंग बघायला येतात आणि वजनाचं विचारत नाहीत.

ग्रॅनाइटच्या २० मिमी जाडीच्या पाटीचं वजन दर चौरस मीटरला साधारण ५४ किलो. १८० बाय ९० सेंमीचं आयलंड म्हणजे ८७-८८ किलोचा दगड. ३० मिमी घेतला तर १३० किलोच्या वर. तो जिन्यावरून, वळणावरून, दारातून आत येणार का, हे मापायला आलेल्या माणसाला दाखवा. येत नसेल तर दोन तुकडे करावे लागतात आणि जोड दिसतो. जोड कुठे घ्यायचा ते आधीच ठरवता येतं. मधोमध नको, आणि सिंकच्या तोंडाशी तर नकोच.

बसण्यासाठी दगड कपाटाच्या पुढे काढतात. ३६ इंच उंचीच्या ओट्याखाली गुडघे नीट शिरायला १५ इंच खोली लागते. दगड फुटाच्या आसपास बाहेर आला की त्याला खालून लोखंडी पट्टी किंवा ब्रॅकेट हवीच. नुसता चिकटवून ठेवलेला दगड रोजचा भार सांभाळेल, पण एखाद्या दिवशी कुणी त्यावर टेकून चढलं तर?

कोणता दगड? संगमरवर फार सुंदर, पण तो कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की झिलई जाते, आणि हा डाग नसतो, पृष्ठभागच खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून निघत नाही. ग्रॅनाइटला आम्लाची आणि गरम भांड्याची फारशी भीती नाही, मात्र अधूनमधून सीलर, म्हणजे बारीक छिद्रं बुजवणारा लेप, लावावा. कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ डाग धरत नाही, पण त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य, असतं. तापलेलं भांडं थेट ठेवलं तर डाग पडतो, कधी तडाही जातो.

आणि एक विनंती. या बनवलेल्या दगडात सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) खूप असते, बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या आसपास. कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून असे ओटे बनवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. तुमच्या घरी काम चालू असताना कुणी कोरडं कापत असेल तर थांबवा. पाणी सोडून कापायला सांगा. भोकं, कोपरे सगळं दुकानातच करून आणायला सांगा.

* * *

धागाकर्ती: हे फार महत्त्वाचं लिहिलंत. घर आपलं असलं तरी ती धूळ दुसऱ्याच्या छातीत जाते, याचा विचार ओटा निवडताना करायलाच हवा.

* * *

विजेचं थोडक्यात. आयलंडच्या बाजूला, ओट्याच्या कडेखाली सॉकेट घेऊ नका. वर ठेवलेल्या किटलीची वायर कडेवरून लोंबते आणि रांगतं मूल ती ओढतं. याच भाजण्याच्या अपघातांमुळे अमेरिकेच्या विद्युत संहितेत २०२३ मध्ये बदल झाला आणि ओट्याखालचं सॉकेट बंद झालं. आम्ही ओट्यातून वर येणारं, पाणी सांडलं तरी चालेल अशा बनावटीचं घेतलं. वायरिंगची नळी मात्र फरशीच्या आधी टाकून ठेवा, सॉकेट आत्ता नको असलं तरी.

* * *

मी व्हीलचेअर वापरते. आयलंड माझ्यासाठी नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. माझ्या अनुभवात ते भिंतीच्या ओट्यापेक्षा जास्त उपयोगी ठरलं, कारण त्याला चारही बाजूंनी जाता येतं.

माझी मापं देते. पृष्ठभाग जमिनीपासून ३४ इंचांहून उंच नाही. एका भागाखाली कपाट नाही, तिथे ३० इंच रुंद आणि २७ इंच उंच मोकळी जागा आहे, गुडघे आत घेऊन खुर्ची पूर्ण पुढे नेता येते. एका बाजूला ५ फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं, खुर्ची वळवायला. तिथे पायपुसणं, स्टूल, कचऱ्याचा डबा काहीही ठेवायचं नाही, हा घराचा नियम. उरलेल्या भागाखाली ड्रॉवर. दार उघडून आत वाकायला लागणारं कपाट मला निरुपयोगी, ड्रॉवर मात्र स्वतः बाहेर येतो. घरातली उभी राहणारी माणसंही आता त्याच ड्रॉवरांपाशी जास्त जातात, खालच्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही.

त्या मोकळ्या भागात माझी भाची बसून अभ्यास करते. पाहुण्यांना वाटतं ती टेबलाची हौस आहे.

* * *

आम्ही आयलंड केलं नाही. खोली साडेआठ फूट रुंद. दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटांचे ओटे, मध्ये उरते ती वाटच.

ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. मधोमध काही नाही, सगळं हाताच्या अंतरावर. अरुंद खोलीचं बळ तेच असतं, ते मोडून मध्ये काही रोवायचं कशाला? आम्ही एक चाकांची लाकडी ट्रॉली केली, ४५ सेंमी रुंद, चारही चाकांना कुलूप. दोन चाकांना कुलूप असलेल्या ट्रॉलीवर चिरायला गेलं की ती गोल फिरते, म्हणून चारही. काम झालं की ती ओट्याखालच्या रिकाम्या कप्प्यात जाते.

* * *

आमच्या आईची नजर अधू आहे. म्हणून दगड गुळगुळीत चकचकीत न घेता मॅट घेतला, कारण चकचकीत काळ्या दगडात वरच्या दिव्यांचे ठिपके चमकतात आणि त्यात सुरी दिसत नाही. पृष्ठभाग फिका आणि कड गडद, म्हणजे ओटा कुठे संपतो ते तिला समजतं. कोपरे गोल.

दिवे ओट्यापासून ३० ते ३६ इंच वर टांगले. त्याहून खाली आले की समोरच्याचा चेहरा झाकतो, आणि फार वर गेले की बल्ब थेट डोळ्यांत. काचेच्या पारदर्शक छत्र्या दुकानात मोहक दिसतात. आम्ही अपारदर्शक घेतल्या, उजेड खाली पडतो, डोळ्यांवर येत नाही. दिव्यांची जागा आयलंडच्या मध्यरेषेवर ठरवली, खोलीच्या मध्यरेषेवर नाही. छतात वायर काढताना इलेक्ट्रिशियन सवयीने खोलीचा मध्य धरतो, तेव्हा तिथे उभं राहून दाखवा.

* * *

बसण्याबद्दल विचारायचं होतं. चार जण बसतील असं हवं आहे. आयलंड साडेसहा फूट लांब होईल. एका ओळीत चार स्टुलं बसतील का?

* * *

धागाकर्ती: माणशी २४ इंच धरतात, म्हणजे चौघांना ८ फूट. साडेसहा फुटांत तिघंच सुखाने बसतील. पण ओळीत चार बसवण्याचा आग्रहच सोडा असं सुचवेन. ओळीत बसलेली माणसं सगळी एका दिशेला बघतात आणि बोलताना माना वळवत राहतात. लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक अशी कोपरा धरून जागा काढली तर चेहरे समोरासमोर येतात. फक्त कोपऱ्यावर दोघांचे गुडघे एकमेकांना लागू नयेत एवढं अंतर सोडा. ३६ इंचांच्या ओट्याला २४ ते २६ इंच उंचीची स्टुलं घ्या. ४२ इंचांच्या ओट्याला ३० इंचांची लागतात आणि लहान मुलांना व वयस्कांना त्यावर चढणं त्रासाचं होतं. चौथ्यासाठी एक स्टूल आयलंडखाली सरकवून ठेवा. आणि स्टुलांच्या मागून वाट जात असेल तर ओट्याच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ४४ इंच मिळतात का ते आधी बघा. मिळत नसतील तर बसायची बाजू बदला.