इफ्फीला पहिल्यांदा जायचंय, बाबा सोबत आहेत. काय बघू, काय सोडू?

शहापूरचा_विणकर
नमस्कार मंडळी. यंदा नोव्हेंबरात बेळगावहून पणजीला इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जायचं ठरवालोय. दुकान सोडून सगळा महोत्सव काही जमणार नाही, शुक्रवार ते रविवार एवढंच. सोबत बाबा येणार. त्यांचा जीव प्रभातच्या बोलपटांत. मला 'कोर्ट' आवडला, 'फँड्री' आवडला, पण परदेशी सिनेमा फारसा बघितलेला नाही. वेळापत्रक उघडलं की डोकं गरगरतं, एकाच वेळी पाच-सहा पडद्यांवर काहीतरी चालू. निवड कशी करता तुम्ही? आणि जायच्या आधी घरी काय बघून ठेवू?

निपाणीकर
गोव्याला कशाला पाहिजे उगी? रांगा, ऊन, राहायचे दर. आम्ही कोल्हापूर गाठतो. तिथं कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे खेळ असतात, बघून रात्री घरी. जमलं तर जानेवारीत पुण्याचा चित्रपट महोत्सव, पिफ. आणि आधी बेळगावात लागलेला मराठी पिक्चर पहिल्या शुक्रवार-शनिवारी बघायची सवय लावा. दुसऱ्या आठवड्यात एकच शो उरतो, तोही दुपारी दोनचा. मग 'इथं मराठी लागतच नाही' म्हणून आपणच ओरडायचं.

खानापूरची_अक्का
निपाणीकर, पहिल्या आठवड्याचं बोललात ते सोळा आणे खरं. पण गोवा सोडू नका हो. नोव्हेंबरात पाऊस संपलेला असतो, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरलं की साधारण 120 किमी. एवढ्या अंतरावर असा महोत्सव असताना घरी बसायचं म्हणजे कमालच.

विणकरदादा, माझा नियम सांगते. जो सिनेमा दोन-तीन महिन्यांत थेटरात किंवा ओटीटीवर येणारच आहे, त्याच्यासाठी महोत्सवातली वेळ घालवायची नाही. फ्रान्सच्या कान महोत्सवात गाजलेला, नावाजलेल्या दिग्दर्शकाचा, सगळे ज्याच्या रांगेत उभे असतात तो बहुतेक वेळा नंतर मिळतो. 2024 ला 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कानचं ग्राँ प्री मिळालं आणि त्याच नोव्हेंबरात तो आपल्याकडे थेटरात लागला. उलट जॉर्जिया, इराण, चिली, फिलिपिन्स इथल्या एखाद्या नवख्या माणसाचा पहिला सिनेमा पुन्हा हाती लागेल याची खात्री नाही. तो बघा. दहातले चार कंटाळवाणे निघतील, निघू देत. अर्ध्यातून उठलात तरी कुणी काही म्हणत नाही, फक्त कडेची खुर्ची धरा.

दुसरं, रिस्टोर केलेले जुने सिनेमे. बाबांना तिकडेच न्या. मोठ्या पडद्यावर साफ केलेली प्रिंट आणि यूट्यूबवरची धुरकट कॉपी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं, इंडियन पॅनोरमात, म्हणजे इफ्फीतल्या भारतीय सिनेमांच्या विभागात, मराठीबरोबर कन्नड सिनेमेही बघा. आपल्या बेळगावकरांना कन्नड कळतं, सबटायटलकडे बघावं लागत नाही, हा आपला फायदा मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही. आपणच तो वापरत नाही!

शहापूरचा_विणकर
अक्का, कन्नडचं पटलं. बाजारात दिवसभर बोलतो, पण पिक्चर म्हणाल तर मारामारीचेच बघितलेत. सुरुवात कुठून करू?

गणेशपूर_गल्ली
'शिवम्मा यरेहंचिनाळ' बघ. 2022 ला कोरियातल्या बुसान महोत्सवात नव्या दिग्दर्शकांसाठीचा न्यू करंट्स पुरस्कार मिळाला. कोप्पळ जिल्ह्यातल्या खेड्यातली बाई, सरकारी शाळेत स्वयंपाक करणारी, ती नेटवर्क मार्केटिंगच्या नादाला लागते आणि गावभर शक्तीचं पेय विकत फिरते. ते कन्नड आपल्या कानांचं आहे, उत्तरेकडचं. माझ्या आईनं तर बघता बघता शेजारच्या दोघी-तिघींची नावं घेतली! नंतर 'तिथी' बघ. तो मंड्याकडचा, ते बोलणं आपल्याला थोडं जड जातं, पण म्हातारा वारतो आणि पुढे जे घडतं ते भन्नाट आहे. 2015 ला स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात दोन बक्षिसं मिळवली त्यानं.

सर_कॉलेजरोड (निवृत्त)
या दोन्हींच्या आधी 'घटश्राद्ध' बघावा, असं माझं मत. गिरीश कासरवळ्ळींचा 1977 चा, कन्नड लेखक अनंतमूर्तींच्या कथेवर. अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मणवस्तीतली, विधवा यमुनाक्का आणि तिच्या आगेमागे असणारा लहानगा नानी. जिवंत बाईचं श्राद्ध घालतात त्यात. मुलाच्या नजरेतून सगळं दिसतं, म्हणून जास्त टोचतं. त्या वर्षीचं राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ त्याला होतं आणि 2024 ला रिस्टोर केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली. ती कुठल्याही महोत्सवात लागली, तर बाकी सगळं सोडून तिथं बसा. घाई करू नका, संथ आहे. संथ म्हणजे वाईट नव्हे.

मग 'उंबरठा' (1982) पुन्हा बघा. स्मिता पाटीलच्या समोर नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड आहेत, धारवाडात शिकलेले. सिनेमानं मराठी-कन्नड ही सीमा कधी मानलीच नाही. तुमच्या वडिलांसाठी 'माणूस' (1939) सुचवेन. त्यातल्या शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या. 'कशाला उद्याची बात' त्यांच्या तोंडून ऐकताना वडिलांचा चेहरा बघा.

निपाणीकर
सर, 'संत तुकाराम' राहिला की.

सर_कॉलेजरोड
तो त्यांना पाठ असणार म्हणून लिहिला नाही. 1936 चा, पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात तेव्हा अभिनय करतायत असं वाटतच नाही. पण मला त्यातली जिजाईच जास्त आवडते. घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलाच्या नादात, तिचं भांडण अगदी रास्त आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला खलनायिका केलं नाही, हे मोठेपण.

सदाशिवनगर_ताई
नव्यातलं कुणीच सांगितलं नाही, म्हणून सांगते. 'साबर बोंडं' बघा. 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. वडिलांच्या दहाव्यासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, त्यांच्यातलं प्रेम. आरडाओरड नाही, भाषण नाही. तुमच्या बाबांना रुचेल की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत बघितला आणि आईचं काम करणारी बाई फार छान आहे म्हणाले. आणि 'स्थळ', मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांवरचा. विदर्भातला असला तरी चहा-पोह्यांचा ट्रे आपल्या गल्लीतलाच.

शहापूरचा_विणकर
सगळ्यांचे आभार. 'शिवम्मा' या रविवारी बघतो. राहायचं कुठं, पणजीतच की बाहेर? आणि तिकिटांचं कसं असतं?

खानापूरची_अक्का
बाबा सोबत असतील तर पणजीतच. आयनॉक्स, मॅकिनेझ पॅलेस आणि कला अकादमी एकमेकांपासून चालत जाण्यासारखी आहेत. पर्वरीचे पडदे मांडवीपलीकडे, तिकडच्या खेळाच्या नादात मधला एक खेळ हातचा जातो. डेलिगेट म्हणून आधी ऑनलाइन नोंदणी करायची, मग प्रत्येक खेळाची जागा ऑनलाइनच धरायची. चांगल्या खेळांच्या जागा लगेच संपतात. नाही मिळाली तर रांगेत उभं राहायचं, ज्यांनी जागा धरून दांडी मारली त्यांच्या खुर्च्या सुटतात. दिवसाला तीन खेळ पुरे, चौथ्याला झोप येते. दुपारचं जेवण खेळाच्या आधी उरका, नाहीतर बाबा उपाशी राहतील. त्यांची नोंदणी वेगळी करा, एका कार्डावर दोघांना आत सोडत नाहीत.