मदत हवी आहे: हातकागदावर शाई पसरते

कोरेगावकर:
आमच्या वाचनालयातील मुले टाकाऊ कागदापासून हस्तलिखित पत्रिका, म्हणजे हल्ली ज्याला झाइन म्हणतात ती, तयार करीत आहेत. कागद भिजवून, मिक्सरमधून लगदा काढून आम्ही तो जाळीच्या चौकटीवर घातला, वाळवला आणि तो दिसायलाही सुरेख झाला. परंतु लिहू लागताच शाई टिपकागदावर पडल्यासारखी पसरते. मुलांचा उत्साह मावळण्यापूर्वी अंक पूर्ण व्हावा, म्हणून कृपया लवकर उपाय सांगावा.

वाईचा वाचक:
लगदा कोणत्या कागदाचा होता, पेन कोणते वापरले आणि प्रती किती हव्या आहेत, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोरेगावकर:
निम्म्या जुन्या वह्या आणि निम्मी वर्तमानपत्रे होती. पेन शाईचे आहे. प्रती तीस.

मिरजेतील बांधणीकार:
दोष वर्तमानपत्राचा आहे. त्या कागदाला खळ जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो शाई शोषून घेतो. एक चमचा मैदा एक वाटी पाण्यात कालवून अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि ती पातळ खळ वाळलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावा. अर्धवट वाळल्यावर वजनाखाली ठेवा. कसर लागू नये म्हणून आम्ही खळीत चिमूटभर मोरचूद घालतो.

कराडची ताई:
मोरचूद विषारी असतो आणि हे काम मुलांच्या हातचे आहे, तेव्हा तो मुळीच घालू नये. खळ रोज ताजी करावी आणि कागद पूर्ण वाळवावा, एवढे पुरेसे आहे.

मिरजेतील बांधणीकार:
माझ्या वडिलांनी आयुष्यभर मोरचूद वापरला. तरीही मुलांच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे.

सांगलीकर:
लगद्यात आमच्याकडची हळद घाला, मुखपृष्ठाला अप्रतिम रंग येतो.

कराडची ताई:
रंगाविषयी कोणी विचारलेले नाही. शिवाय हळद उन्हात उडते आणि साबणाचा हात लागला की लाल होते.

कोरेगावकर:
खळीने शाई थांबली, आपले मनापासून आभार. आता मूळ प्रत लिहून बाकीच्या छायाप्रती याच कागदावर काढायच्या आहेत.

वाईचा वाचक:
हे आधी सांगायला हवे होते. हा कागद कमीजास्त जाडीचा असतो, तो यंत्रात अडकेल. हातकागद मुखपृष्ठापुरता ठेवा आणि आतल्या पानांसाठी कचेऱ्यांतून पाठकोरे कागद मागून आणा. टाचण्या आठवणीने काढा. ए-चार आकाराच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर डावीकडे पहिले व उजवीकडे दुसरे पृष्ठ घ्या आणि आधीच वापरलेली बाजू आत जाईल असा मधोमध दुमडा. दुमड बाहेरच्या कडेला ठेवून मोकळ्या कडा शिवा. असे चार कागद म्हणजे आठ पृष्ठे, आणि तीस प्रतींना एकशे वीस कागद लागतील. पृष्ठे आपोआप क्रमाने येतात, हा या बांधणीचा मोठा लाभ आहे.

मिरजेतील बांधणीकार:
कडेपासून एक सेंटिमीटर आत दाभणाने चार भोके पाडा आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवा. शिवणीकडचा समास, म्हणजे पहिल्या पृष्ठाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे, मात्र दोन सेंटिमीटर सोडा, नाहीतर अक्षरे शिवणीत जातील.

कोरेगावकर:
मूळ प्रतीची पहिली चार पृष्ठे समास न सोडताच लिहून झाली आहेत. ती छायाप्रत काढताना थोडी लहान करून घेता येतील का?