फुटबॉलच्या स्टँडमध्ये बीअर चालावी का? क्रिकेटला चालते, मग इथेच काय झालं?

लीड्सकर_पप्या
मंडळी एक प्रश्न आहे, फुटबॉल बघणाऱ्यांनी तर बोलाच पण न बघणाऱ्यांनीही बोला. मी लीड्सला असतो, एकदाचं एलंड रोडचं (लीड्सचं फुटबॉल स्टेडियम) तिकीट मिळालं (कसं मिळालं ते विचारू नका, मेंबरशिपपासून सुरुवात आहे). मॅचच्या आधी खाली कॉन्कोर्समध्ये (स्टँडखालच्या पॅसेजमध्ये) बीअर घेतली, अर्धी झाली असेल तेवढ्यात वरून आवाज वाढला म्हणून ग्लास हातात घेऊनच जिना चढायला लागलो, तर वरच्या पायरीवर स्टुअर्ड हात आडवा करून उभा, हे घेऊन वर नाही जायचं म्हणाला. त्याच्या शेजारी भलामोठा कचऱ्याचा डबा. लोक येतायत, उरलेली घटाघट मारतायत, ग्लास डब्यात, आणि वर. एका आजोबांनी जवळपास भरलेला पाइंट एका दमात संपवला आणि नातवाचा हात धरून वर गेले, मी बघतच राहिलो.

आता गंमत बघा, उन्हाळ्यात याच शहरात हेडिंग्लीला टेस्टला गेलेलो, वेस्टर्न टेरेसवर. तिथे पब्लिक सकाळपासूनच पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ग्लास मांडून सीटवर आणतंय, दुपारपर्यंत रिकाम्या ग्लासांचा एकात एक अडकवून लांबच्या लांब साप केला आणि तो डोक्यावरून फिरवत होते. त्या क्रिकेट ग्राउंडच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं ग्राउंड आहे, तिथेही ग्लास घेऊन बसता येतं. म्हणजे तोच माणूस, तेच शहर, तीच बीअर, फक्त चेंडू बदलला की तो गुन्हेगार? कायदा आहे हे माहितीय मला, पण आता ४० वर्षं झाली त्याला. अजून गरज आहे का? तुमच्याकडे काय चालतं तेही सांगा.

जुना_बाकडा
पप्या, कायदा कधी आला ते बघितलंस तर अर्धं उत्तर तिथेच आहे. १९८५ साल. मार्चमध्ये ल्यूटन विरुद्ध मिलवॉल मॅचला खुर्च्या उपटून फेकाफेकी. ११ मे ला ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटला, ५६ माणसं गेली (त्याचा दारूशी काडीचा संबंध नाही, पण मूड काय असेल बघ). त्याच दिवशी बर्मिंगहॅमला तुझ्याच लीड्सच्या मॅचला दंगल, भिंत पडून एक पोरगा गेला. आणि २९ मे ला ब्रसेल्समध्ये हायसेल स्टेडियमवर दंगल, ३९ मृत. थॅचरबाईंचं सरकार, जुलैमध्ये कायदा पास. एवढ्या घाईत केलेला कायदा तेवढ्याच घाईने कोण काढणार? काढला आणि दुसऱ्या शनिवारी कुठे हाणामारी झाली तर पेपरात कोणाचा फोटो येईल, म्हणून कोणी हात लावत नाही.

आणि एक, लोकांना वाटतं इंग्लंडमध्ये फुटबॉलला दारूबंदी आहे. तसं नाहीये. विकायला बंदी नाही, जिथून मैदान दिसतं तिथे प्यायला बंदी आहे, तीही वरच्या पाच लीगमध्येच. त्याखालच्या लेव्हलला गेलास तर बाउंड्रीला टेकून ग्लास हातात घेऊन मॅच बघ, कोणी काही बोलत नाही. मोठ्या क्लबात वरचे जे श्रीमंतांचे बॉक्स असतात तिथे काचेतून मैदान दिसतं, म्हणून मॅच चालू असताना प्यायची असेल तर पडदा ओढून घ्यावा लागतो! हजारो रुपये, सॉरी पौंड, भरून मॅचला यायचं आणि पडदा लावून वाइन प्यायची. ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

स्कॉटलंडचं याहून कडक, तिथे १९८० च्या कप फायनलला सेल्टिक जिंकल्यावर ग्लासगोच्या हॅम्पडन स्टेडियमवर दोन्हीकडचे मैदानात घुसले, बाटल्या, घोडेस्वार पोलीस, सगळं टीव्हीवर लाइव्ह. तेव्हापासून साध्या स्टँडवाल्याला ग्राउंडमध्ये मिळतच नाही. पण एडिनबराच्या मरेफिल्डला रग्बीला जा, मिळते.

रुहरचा_रम्या
इकडे जर्मनीत हा प्रश्न विचारलास तर लोक तुला ताप आलाय का बघतील. डॉर्टमुंडला जवळपास २५ हजार लोक उभे राहतात त्या पिवळ्या भिंतीत (त्या स्टँडचं नावच ते), आणि हातात ग्लास नसलेला शोधावा लागतो. पाठीला टाकी बांधून पोरं फिरतात, नळी काढून तिथेच ग्लास भरून देतात, तुला जागा सोडायला लागत नाही. ग्लासचं डिपॉझिट असतं, परत दिला की पैसे परत, त्यामुळे कोणी फेकत नाही. म्हणजे फारसं.

मुद्दा असा की हातात बीअर असेल तर माणूस ती पुरवून पितो. तुमच्या इंग्लंडात काय होतंय, १५ मिनिटांचा हाफ टाइम, त्यात रांग, त्यात संडास, आणि शेवटच्या ३ मिनिटांत पूर्ण पाइंट पोटात. कायद्याने तुम्ही लोकांना हळू प्यायची बंदी केलीय राव. इकडे डर्बी वगैरे डेंजर मॅच असेल तर पोलीस सांगतात आज अल्कोहोल नाही, किंवा हलकी बीअरच विका. मॅच बघून ठरवतात, सरसकट नाही.

श्रेयसची_आई
रम्या, "फारसं" म्हणून तू जे पटकन गुंडाळलंस ना त्याचंच विचारते. २०२२ मध्ये बोखुमला लाइन्समनच्या डोक्यात भरलेला ग्लास बसला आणि मॅच तिथेच बंद झाली, ग्लाडबाखला जिंकल्याचं दिलं, हे तुमच्या जर्मनीतच ना? २०११ मध्ये सेंट पाउलीलाही अगदी हेच झालेलं. डिपॉझिट होतं की तेव्हाही.

मी लंडनला असते, मुलगा अकरा वर्षांचा, त्याच्यासाठी जाते मॅचला, मला स्वतःला ऑफसाइड अजून नीट कळत नाही. कायदा, इतिहास सगळं बाजूला ठेवा आणि फक्त त्या सीटचा विचार करा. गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात एवढी जागा. गोल झाला की सगळे उड्या मारतात. आता प्रत्येकाच्या हातात अर्धा लिटरचा ग्लास द्या. माझं जॅकेट, मुलाचं डोकं, पुढच्या आजींची शाल, सगळ्यांची आंघोळ. पबच्या मोठ्या स्क्रीनसमोर वर्ल्ड कपला गोल झाला की काय होतं ते व्हिडिओ बघितलेत ना, हवेत बीअरचा पाऊस, तिथे हौसेने गेलेले असतात म्हणून ठीक.

आणि क्रिकेटशी तुलना करता तर क्रिकेटला ओव्हर संपते, विकेट पडते, ड्रिंक्स होतात, लंच होतो, माणूस कधीही उठला तरी चालतं. फुटबॉलला ४५ मिनिटं सलग खेळ. बीअर प्यायली की जायला लागणार, मग रांगेतले बारा जण उभे करत हा जाणार, आणि नेमका तेव्हाच गोल होणार. आत्ताही जातातच पण निदान कमी जातात. मला दारूचं वावडं नाहीये, घरी वाइन असते. पण दीड-दोन तास नाही मिळाली तर काय आभाळ कोसळतं?

कोल्हापुरी_विंगर
आत्ता बरोबर ठिकाणी आला विषय. आमच्या शाहू स्टेडियमला या एकदा सीझनला. आत बीअर सोडा, थंड प्यायची पण पंचाईत, तरी पेठेची मॅच असली की काय राडा असतोय ते बघा. इथं पेठ म्हणजे टीम आणि टीम म्हणजे घर, तालमीचं नाव घेतलं की आजा, बाप, पोरगा तिघं एकाच बाजूला. पोलीस बंदोबस्त असतोय, तपासणी असतेय, तरी पाचपंचवीस जण टाकून येतातच, दुपारीच लोड. गेटवर वास घेऊन तुम्ही कुणाकुणाला परत पाठवणार? आणि जे राडा करतात ते सगळे प्यालेले असतात असंही न्हाई हां. आदल्या रात्री एकमेकांना डिवचणारी स्टेटस टाकलेली असतात, त्याची नशा बीअरपेक्षा लई वाईट. शुद्धीत असलेलं पोरगं जास्त नेमानं दगड मारतंय.

म्हणून माझं म्हणणं, भांडण कुठनं येतंय ते बघा आधी. दारू त्यात फोडणी घालते हे खरं, पण डाळ आधीच शिजलेली असते. तरीपण आमच्याकडं स्टँडमध्ये द्या म्हणाल तर माझं नाव पहिलं विरोधात लिहा. लीड्सला सीटला नंबर असतोय, कॅमेरा असतोय, पुढच्या वर्षी तिकीट मिळणार न्हाई म्हणून माणूस भितोय. आमच्याकडं पायरीवर जिथं जागा मिळंल तिथं बसायचं, कोण कुठला कुणाला पत्ता न्हाई.

लीड्सकर_पप्या
विंगर भावा एक नंबर. @श्रेयसची_आई ताई तुमचा संडासचा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता, क्रिकेटशी तुलना थोडी लंगडी आहे मान्य. पण रग्बीचं काय? ४० मिनिटं सलग, सीट तेवढ्याच, ग्लास चालतो, आणि दोन्ही टीमची माणसं शेजारी शेजारी बसतात. माझ्या ऑफिसमधला गोरा म्हणतो रग्बीवाले सभ्य असतात. मला तर हे आपल्याकडच्या "चांगल्या घरातले" टाइप वाटलं.

जुना_बाकडा
तेच आहे. आणि ह्या "फुटबॉलवाले म्हणजे बेवडे" विचाराची किंमत काय पडली ते हिल्सबरोवाल्यांना विचार. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड, लिव्हरपूलचे ९७ जण चेंगरून गेले. पोलिसांनी गेट उघडून आधीच भरलेल्या भागात आणखी लोक सोडले आणि नंतर सांगितलं काय, तर फॅन पिऊन आले होते. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती ते तपासलं, लहान पोरांच्यासुद्धा. त्याच वर्षी चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलरनी लिहिलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण फसलं हे आहे, तरी घरच्यांना ज्युरीकडून "फॅनचा दोष नाही" हे ऐकायला २०१६ उजाडलं. त्यामुळे स्टँडमधल्या ग्लासावर कोणी कायदा दाखवला की लिव्हरपूलच्या म्हाताऱ्यांचं डोकं फिरतं ते उगाच नाही.

बदल होत नाहीये असंही नाही. २०२१ मध्ये खासदार ट्रेसी क्राउच यांच्या रिपोर्टमध्ये सुचवलेलं की त्या पाचांतल्या खालच्या दोन लेव्हलच्या क्लबात आधी ट्रायल घ्या. कारण साधं, छोट्या क्लबांना त्या बारचे पैसे लागतात, लोक मॅचआधी पबमध्ये बसून राहतात आणि गल्ला पबवाल्याचा होतो. सरकारने फार उत्साह दाखवला नाही. महिलांच्या मॅचला मात्र हा कायदा लागूच नाही, तिथे इतकी वर्षं लीगच्याच नियमाने बंद होतं, २०२५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनच्या काही क्लबांनी ट्रायल घेतली.

श्रेयसची_आई
महिलांच्या मॅचला मी गेलेय, तिथे वातावरणच वेगळं असतं, पोरंटोरं निम्मी. तिथे चालेल मला. बघा मी पण सरसकट नाही म्हणत नाहीये.

आणि कतारचं कोणी काढलं नाही अजून. २०२२ चा वर्ल्ड कप, सुरू व्हायला दोन दिवस असताना स्टेडियमबाहेरची बीअर बंद केली, केवढा गदारोळ. शेवटी काय झालं? इंग्लंड आणि वेल्सचा एकही फॅन अटक झाला नाही अख्ख्या स्पर्धेत. बऱ्याच बायकांनी सांगितलं की रात्री मॅचवरून परतताना भीती वाटली नाही. आदल्याच वर्षी वेम्बलीला युरो फायनलच्या दिवशी काय झालेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, तिकीट नव्हतं, नुसती तिथून जात होते, सकाळपासून रस्त्यावर काचाच काचा.

रुहरचा_रम्या
ताई कतारला जायला लाखात खर्च होता, जे राडा करतात ते तिथे पोचलेच नाहीत हेही बघा की. आणि हॉस्पिटॅलिटीवाल्यांना तिथेही मिळत होतीच. बंदी खालच्यांना, वरच्यांना वाइन. ब्राझीलला उलटं झालं, त्यांच्याकडे आधीपासून स्टेडियममध्ये बंदी, तर २०१४ ला फिफाने स्पॉन्सरसाठी कायदाच बदलायला लावला. म्हणजे ज्याच्याकडे जोर जास्त त्याचं चालतं, सेफ्टी वगैरे नंतर. फ्रान्समध्येही तेच, १९९१ पासून कायद्याने बंद पण व्हीआयपी लाउंजमध्ये शॅम्पेन.

आणि वेम्बलीच्या काचा रस्त्यावरच्या होत्या ना? तुम्हीच म्हणताय. स्टँडमधली बंदी तर तेव्हाही होती.

श्रेयसची_आई
हो रस्त्यावरच्या होत्या. पण ते सगळे पिऊन टल्ली होऊन मग गेट तोडून आत घुसले ना. आत आणखी मिळाली असती म्हणजे बरं झालं असतं का?

मडगावचो
गोव्यातून बोलतोय. आमच्याकडे दारू किती स्वस्त ते सगळ्यांना माहीत आहे, पर्यटकांमुळे जास्तच. पण फातोर्ड्याच्या स्टेडियमला एफसी गोवाची मॅच बघायला जातो तेव्हा आत चहा आणि कटलेट पाव. कोणाला त्यात काही कमी वाटत नाही, मॅच संपली की बाहेर बार आहेतच पावलापावलावर. मला वाटतं इंग्लंडवाल्यांना हा प्रश्न मोठा वाटतो कारण त्यांच्याकडे मॅच म्हणजे पबचाच एक भाग आहे. आमच्याकडे मॅच म्हणजे मॅच.

बाकी श्रेयसच्या आईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रम्याने दिलं नाही.

रुहरचा_रम्या
देतो की. नसतं झालं बरं. त्या दिवशी तर आजूबाजूची दुकानंपण बंद ठेवायला हवी होती, आणि मॅच रात्री आठला कोण ठेवतं, रविवारी, लोकांना प्यायला अख्खा दिवस. इकडे डेंजर मॅच असली की वेळ दुपारी आणतात. पण त्या एका दिवसासाठी मंगळवारी रात्री पावसात चौथ्या डिव्हिजनची मॅच बघणाऱ्या दोन हजार लोकांना पायरीवर अडवायचं, हे मला पटत नाही ते नाहीच.

कोल्हापुरी_विंगर
चौथ्या डिव्हिजनला दोन हजार माणूस मंगळवारी रात्री पावसात येतंय? त्यास्नी बीअर काय, रस्सा पण द्या.

लीड्सकर_पप्या
हाहा. बरं, पुढच्या शनिवारी खालच्या लेव्हलची एक मॅच बघायला जातोय, सहाव्या की सातव्या डिव्हिजनची, तिथे हातात ग्लास चालतो म्हणाला ना बाकडाकाका. तिकीट गेटवरच मिळतं का आधी काढावं लागतं?

जुना_बाकडा
गेटवरच. आणि काका कोणाला म्हणतोस रे.