‘लोकवाटा’: द्यायचा वाटा की घ्यायचा?

प्रश्न: पाणलोटाच्या कामासाठी निधी मागणारा प्रस्ताव मराठीत लिहिते आहे. खर्चातल्या गावाने उचलायच्या भागाला काय म्हणावं? लोकवर्गणी, लोकवाटा की लोकसहभाग? अर्थ एकच आहे का?

उत्तर: ताई, फरक आहे. वर्गणी पैशांची, घरटी ठरलेली, गणपतीला देतो तशी. लोकसहभाग फारच सैल. ग्रामसभेत नुसतं येऊन बसलं तरी तो होतो. लोकवाट्यात रोख रक्कमही धरतात आणि श्रमदानही. तुम्हाला तोच हवा.

पण ‘वाटा’ दोन्हीकडून चालणारा शब्द आहे. खारीचा वाटा उचलायचा असतो, वडिलोपार्जित जमिनीतला मिळायचा असतो. वाटेकरी तर घेणाराच! प्रस्तावांच्या भाषेत मात्र लोकवाटा म्हणजे नुसतं देणं उरलंय. आमच्या गावी डोंगरमाथ्यावर पावसाचं पाणी अडवून जिरवणारे समतल चर खोदायला भूमिहीन घरांतली माणसंही टिकाव-घमेली घेऊन यायची. पुढे खालच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी टिकू लागलं. तेव्हा बैठकीत एक मावशी उठून म्हणाल्या, “माझा वाटा डोंगरावर गेला. पाण्यातला कुठाय?” विहीर ज्याची, पाणी त्याचं. कोणाकडेच उत्तर नव्हतं.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथे मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ जागेवर होते. उपसा सिंचन योजनेच्या खर्चातले २० टक्के सभासदांनी भरायचे. पाणी घरातल्या डोक्यांवर, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनांनाही हक्क, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे. पर्यावरणीय न्याय म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

प्रश्न: आणि ‘क्लायमेट रेझिलियन्स’साठी ‘हवामान अनुकूल’ चालेल?

उत्तर: राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे ‘हवामान अनुकूल शेती’ रुळलं आहे, तरी मला ते खटकतं. ‘अनुकूल हवामान’ म्हणजे चांगलं हवामान, आणि इथे तर बिघडलेल्या हवामानाबद्दल बोलायचंय. पावसाने ताण दिला तरी पीक तग धरतं, असं शेतकरी म्हणतातच. ‘दुष्काळात तग धरण्याची ताकद’ लिहा, ग्रामसभेत वाचून दाखवताना अडखळायला होणार नाही.

— ‘तग’ घेतला, काका. आणि लोकवाट्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखते आहे: कोणाच्या वाट्याला किती पाणी.