इन्स्टावर फॉलोअर वाढले की गुगलवर साईट वर येते का?

शहापूर_मिठाई
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागात मिठाईचं दुकान आहे, मुख्य माल कुंदा. इन्स्टावर रील बऱ्या चालतात, फेसबुक पेजही जुनं आहे, साईट वर्डप्रेसवर. पण 'बेळगावचा कुंदा ऑनलाईन' शोधलं की इन्स्टाचं खातं आधी येतं, साईट पार खाली. एका एजन्सीने महिन्याचं पॅकेज सांगितलंय: लाईक-फॉलोअर वाढवून देणार, वर ५०० 'सोशल बुकमार्क' लिंक (लिंक साठवायच्या साईटवर आपला पत्ता टाकणं). 'सोशल सिग्नल (म्हणजे लाईक, शेअर, फॉलोअर) वाढले की रँक आपोआप वाढते' म्हणतात. खरं काय वो? आणखी एक, नकाशावर दुकान दोनदा दिसतंय, एक 'बेळगाव' लिहिलेलं जुनं, एक 'बेळगावी' लिहिलेलं. त्याचं काय करू?

टिळकवाडी_वेब
पॅकेज घेऊ नका. लाईक-फॉलोअरचा आकडा गुगल रँकिंगला धरत नाही.

हा समज मात्र अगदीच हवेतला नाही. डिसेंबर २०१० मध्ये गुगल आणि बिंग (मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन) या दोघांनीही ट्विटरवर शेअर होणाऱ्या लिंकचा काही प्रमाणात उपयोग करतो असं सांगितलं होतं. तेव्हा गुगलला ट्विटरचा डेटा थेट मिळायचा. तो करार जुलै २०११ मध्ये संपला. जानेवारी २०१४ मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनी व्हिडिओत सांगितलं की फेसबुक-ट्विटरची पानं आम्हाला इतर पानांसारखीच, अमुक इतके फॉलोअर किंवा लाईक आहेत म्हणून रँकिंग बदलत नाही. कारणही व्यवहाराचं आहे. दुसऱ्याच्या साईटवर क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रॅमला, कधीही अडवलं जाऊ शकतं, आणि तिथली माहिती रोज बदलते. २०१५ मध्ये ट्विटरशी पुन्हा करार झाला, पण तो शोधनिकालात ट्विट दाखवण्यासाठी. एजन्सीवाले अजून २०१० चीच टेप लावून बसलेत.

आता लिंक. फेसबुक, इन्स्टा, एक्स (पूर्वीचं ट्विटर), यूट्यूबचं डिस्क्रिप्शन, सगळीकडच्या बाहेरच्या लिंकना सहसा 'नोफॉलो', म्हणजे 'रँकिंगसाठी ही लिंक धरू नका' अशी खूण, लागलेला असतो. ही खूण २००५ साली कमेंटमधल्या स्पॅमसाठी आली. सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलने तिला आदेशाऐवजी 'इशारा' मानायचं ठरवलं, त्यामुळे क्वचित लिंक मोजली जाईलही, पण त्याच्या भरवशावर पैसे घालण्यात अर्थ नाही. ५०० बुकमार्क तर सरळ लिंक स्पॅममध्ये, म्हणजे फक्त रँकसाठी पेरलेल्या लिंकांत, मोडतात. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून गुगलची स्पॅमब्रेन यंत्रणा अशा लिंकांचं वजन शून्य करते. शिक्षा नाही झाली तरी पैसे पाण्यात.

निपाणीकर
बाकी पटलं. पण ज्या पानांचं शेअरिंग जास्त ती वर दिसतात, हे तर डोळ्यांसमोर आहे की. आणि बिंगच्या वेबमास्टर मार्गदर्शनात सोशल शेअरिंगचा उल्लेख असायचा, तो कसा सोडायचा?

टिळकवाडी_वेब
बिंगचं खरं आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकांतले बिंग वापरणारे किती? दिसतंय त्याचं म्हणाल, तर चांगलं पान लोक शेअरही करतात आणि त्याला लिंकही देतात. दोन्हीचं मूळ एकच, शेअरमुळे रँक आली असं त्यातून निघत नाही. पाचशे लाईक विकत घेऊन बघा, पान जागचं हलणार नाही.

उद्यमबाग_कोडर
रीलचा आडवाटेने फायदा होतो, आणि तोच महत्त्वाचा. रील बघितलेला पुण्या-मुंबईचा माणूस नंतर गुगलवर तुमच्या दुकानाचं नाव टाकतो. एखादा खाद्यब्लॉगर किंवा बातमीची साईट रील बघून लेख करते आणि त्यात साधी, नोफॉलो नसलेली लिंक देते. ती लिंक मोजली जाते. तेव्हा कुंदा आटवतानाची रील टाकून थांबू नका. साईटवर लिंक द्यावीशी वाटेल असं पान हवं: दूध आटून रवाळ कसं होतं, किती दिवस टिकतो, कुरिअरने कसा पाठवता, पाव किलो-अर्धा किलोचे दर.

इन्स्टा साईटच्या वर का येतं, तेही बघा. १० जुलै २०२५ पासून प्रोफेशनल खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट सर्च इंजिनमध्ये येऊ शकतात. सेटिंगमधल्या प्रायव्हसी विभागात त्याचं बटण आहे. ते बंद करू नका, पण दर आणि ऑर्डरची माहिती फक्त पोस्टमध्ये ठेवू नका. बहुतेकांची चूक एकच: भाव लिहिलेलं नक्षीदार अक्षरांचं चित्र इन्स्टावर टाकतात आणि तेच साईटवर चिकटवतात. गुगलला तिथे मजकूर नाही, नुसतं चित्र सापडतं. भाव अक्षरांत टाईप करा. कॅप्शनमध्येही पहिल्याच ओळीत दुकानाचं नाव, 'कुंदा', 'बेळगाव' हे शब्द येऊ द्या. हॅशटॅगची रांग गुगलच्या काही कामाची नाही.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच पानावर कालवू नका. तीन पानं, तीन पत्ते, आणि त्यांना जोडणारे एचरेफलँग टॅग (कुठलं पान कुठल्या भाषेचं ते गुगलला सांगणारे). कन्नड पान माणसाकडून लिहून घ्या, भाषांतराच्या प्लगइनवर सोडू नका.

आता मोडतोड कुठे होते ते. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकच्या शेपटीला 'एफबीसीएलआयडी' नावाची लांबलचक अक्षरं चिकटतात, प्रत्येक क्लिकला वेगळी. कॅशे प्लगइनने (तयार पानाची प्रत साठवून देणाऱ्या) ती दुर्लक्षित केली नाहीत तर दर वेळी पान नव्याने तयार होतं आणि रील गाजली त्याच दिवशी साईट रांगायला लागते. प्लगइनमध्ये हा पॅरामीटर वगळलाय का तपासा. पानाचा कॅनॉनिकल टॅग (मूळ पत्ता कोणता ते सांगणारा) शेपटीविना असलेल्या पत्त्याकडे हवा.

व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की फोटो येत नसेल तर ओपन ग्राफचं चित्र (लिंक शेअर केल्यावर दिसावं म्हणून पानात नेमून दिलेलं) बघा: १२०० × ६३० पिक्सेल, वजन ३०० केबीच्या आत. बदलूनही जुनंच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून 'पुन्हा स्क्रेप करा' दाबा.

खानापूर_रोड
नकाशाचं मी सांगतो, कारण स्थानिक गिऱ्हाइकासाठी साईटपेक्षा ते आधी. तिथे गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि ठळकपणा. अंतर आपल्या हातात नाही, टिळकवाडीतून शोधणाऱ्याला टिळकवाडीतलं दुकान आधी दिसण्याची शक्यता जास्त.

ज्यावर रिव्ह्यू जास्त ते प्रोफाईल ठेवा. दुसऱ्यावर मॅप्समध्ये 'बदल सुचवा', मग बंद किंवा काढून टाकण्याच्या पर्यायात जाऊन 'डुप्लिकेट' निवडा. 'कायमचं बंद' अजिबात दाबू नका. गिऱ्हाइकाने नाव शोधलं की नेमकं तेच लाल अक्षरांत पुढे येतं, आणि दुकान मोडलं असं गावभर होतं. दुसरंही तुमच्याच लॉगिनमध्ये असेल तर गुगलच्या सपोर्टला दोन्ही एक करायला सांगा.

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, तेव्हा पत्त्यात तेच ठेवा. लोक बेळगाव, बेळगावी, बेलगाम काहीही टाकतात, गुगल ते जुळवून घेतं. दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन मात्र साईट, फेसबुक, इन्स्टा आणि नकाशा, चारही ठिकाणी तंतोतंत एक हवं. प्रोफाईलमध्ये सोशल लिंकची जागा दिसत असेल तर ती भरा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा पाव किलो कुंदा देऊ नका, नियमात बसत नाही.

शहापूर_मिठाई
एजन्सीला नाही सांगून टाकतो. पण रीलचा उपयोग होतोय का हे मोजायचं कसं?

उद्यमबाग_कोडर
सर्च कन्सोलमध्ये (आपली साईट गुगलवर कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) परफॉर्मन्स उघडा, क्वेरीच्या, म्हणजे लोकांनी टाकलेल्या शोधांच्या, फिल्टरमध्ये दुकानाचं नाव घाला. १६ महिन्यांचा डेटा मिळतो, म्हणून यंदाची दिवाळी गेल्या दिवाळीशी ताडून बघा, दिवाळी श्रावणाशी नको. नावाचे शोध वाढले तर रील काम करतेय. मग फिल्टर उलटा करा, नाव नसलेले शोध. ते वाढले तर साईटची पानं काम करतायत. इन्स्टाच्या बायोतल्या लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) लावा, नाहीतर अॅपमधून आलेली माणसं अॅनालिटिक्समध्ये बऱ्याचदा 'डायरेक्ट' म्हणून पडतात. साईटच्या आतल्या लिंकना यूटीएम लावू नका, कोण कुठून आलं त्याच्या नोंदीत घोळ होतो.